'जेवलास का रं?' : सोळा-सतराच्या वयातली प्रेमकादंबरी लिहायला बसताना

मी ऐरोलीला राहते आणि गेली बावीस वर्षं मुद्रितशोधन करते. दिवाळी अंक, गाइडं, पाककृती, आरतीसंग्रह, सगळं या डोळ्यांखालून गेलं. अलीकडे कादंबऱ्या वाढल्यात आणि त्या लिहिणारे वीस-पंचविशीतले आहेत. कळवा, दिवा, घणसोली, कोपरखैरणे, नौपाडा, अशी ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यातली मुलं. गोष्ट बहुतेकांची एकाच वळणाची असते: बारावीचं वय, पहिलं प्रेम, आणि आपण जसे आहोत तसे घरच्यांना चालू का, ही आतून कुरतडणारी धास्ती. मला या कादंबऱ्या मनापासून आवडतात. त्या वयात अशी एक जरी मराठीत हाताला लागली असती, तर माझी काही वर्षं सोपी गेली असती. म्हणून प्रुफं तपासता तपासता जे कळलं ते लिहिणाऱ्यांसाठी सांगते.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण मला बरंचसं तिच्यामुळेच कळलं.

तीन वर्षांपूर्वी कळव्याच्या एका मुलीची कादंबरी माझ्याकडे आली. पहिली दीडशे पानं दुसऱ्या कुणी तपासली होती, माझ्याकडे शेवटची चाळीस. मुख्य पात्राचं नाव किरण. गोष्ट किरणच्याच तोंडची, 'मी आलो, मी बसलो' अशी. आई मात्र 'किरण आली का?' असं विचारते. आजी मूळची कोल्हापूरजवळच्या कागलकडची, तीही स्वतःबद्दल 'मी जातो, मी आलो' असंच बोलते, तिकडच्या बायका बोलतात तसं. मी धरून चालले की किरण म्हणजे आजीच्या वळणावर बोलणारी मुलगी. शेवटून दुसऱ्या पानावर किरणला घरी यायला उशीर होतो. आजी ओट्यापाशी उभी असते, ताटावरचं झाकण काढते आणि विचारते, "जेवलास का रं?" मी लाल पेनाने 'जेवलास'चं 'जेवलीस' केलं, 'रं'चं 'गं' केलं, समासात 'लिंग?' असं लिहिलं आणि पुढे गेले.

दोन दिवसांनी ती मुलगी घरी आली. चहासुद्धा घेतला नाही. ते पान माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "ताई, एवढं एक पहिल्यासारखं करा. बाकी तुम्ही म्हणाल ते." किरण मुलगा आहे. जन्मदाखल्यावर मुलगी लिहिलंय, एवढंच. नाव दोन्हीकडे चालणारं. 'मी आलो' हे आजीमुळे झाकून गेलेलं, लहानपणापासून कुणाला खटकलंच नाही. पण समोरचा माणूस तुमच्याशी बोलायला लागला की मराठी काही लपवू देत नाही. आलीस की आलास, गेली की गेला, अगं की अरे. एकशे अठ्ठ्याऐंशी पानं घरातलं प्रत्येक माणूस किरणला 'ली' लावत आलंय आणि इथे आजी पहिल्यांदा 'ला' म्हणते. मी त्या कान्याची वेलांटी करून टाकली होती.

पान दुरुस्त केलं आणि त्याच रात्री आधीची दीडशे पानं मागवून वाचून काढली.

तर सगळ्यात आधी, कथानक वगैरे ठरवायच्याही आधी, तुमच्या कादंबरीतला स्वीकार कुठल्या कृतीत किंवा कुठल्या शब्दात आहे ते शोधा. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ हस्तलिखितांत शेवटी बाबा पानभर भाषण करतात: तू जसा आहेस तसा आम्हाला हवा आहेस, आम्हीच चुकलो, वगैरे. मी या भागात जन्म काढला, असं बोलणारे बाबा मला भेटले नाहीत. भेटले ते स्लो लोकलला लटकून घरी येणारे, आल्यावर पंख्याखाली पाच मिनिटं गप्प बसणारे. त्यांना जे म्हणायचं असतं ते 'उद्या लवकर उठायचंय ना, झोप आता' एवढ्यात येतं. ते ऐकायला आणि लिहायला शिकावं लागतं.

त्यासाठी एक करा. कोरा कागद घ्या आणि तुमच्या पात्राच्या घरात कोण कुणासाठी न सांगता काय करतं ते लिहा. पाणी कोण भरतं, गॅलरीतला दिवा कोण चालू ठेवतं, कुणाला कुठल्या लाडक्या नावाने हाक मारली जाते, भाकरीचा पापुद्रा कुणाच्या ताटात पडतो. वीस ओळी तरी व्हायला हव्यात. पहिल्या सात-आठ सगळ्यांच्या सारख्याच येतात, खऱ्या ओळी त्यानंतर सुरू होतात. मग त्यातली एक निवडा जी संकट आल्यावर थांबते, आणि तीच शेवटी कशी परत येते ते बघा.

घणसोलीच्या एका मुलाच्या यादीत तेराव्या नंबरला होतं: 'सकाळी बाबा स्वतःच्या चपलांबरोबर माझेही बूट दाराबाहेर काढून ठेवतात.' त्याची गोष्ट वेगळ्या जातीतल्या मुलीवरच्या प्रेमाची. घरात कळतं, आरडाओरडा होत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी बूट रॅकमध्येच राहतात. दीड महिना राहतात. मग जुलैत एका रात्री मुलगा भिजून येतो, बूट तसेच टाकून झोपतो, आणि सकाळी उठून पाहतो तर दोन्ही बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, फॅनखाली ठेवलेले. बाबा कामावर गेलेले. त्या प्रकरणात संवाद एकही नाही. मी खुणा करायच्या विसरून दोनदा वाचलं.

त्याच कादंबरीत दुसरी एक जागा अशीच पक्की होती. मुलीचं नाव पहिल्यांदा कानावर आल्यावर आई विचारते, "पूर्ण नाव काय तिचं?" आणि लगेच, "राहतात कुठे?" आपल्याकडे नकार या दोन प्रश्नांतून येतो. आडनाव विचारलं की जात कळते, पत्ता विचारला की ऐपत कळते. नौपाडा म्हटलं की एक चेहरा, दिघा म्हटलं की दुसरा. हे प्रश्न विचारणारी आई दुष्ट नसते, ती त्याच हाताने पोळीवर तूप लावत असते. तुमच्या कादंबरीत तिला दुष्ट करू नका, नाहीतर पुढे ती बदलली तरी कुणाचा विश्वास बसणार नाही.

आता वर्ष. गोष्ट कुठल्या साली घडते ते पहिल्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बरीच मुलं 'आत्ताचीच' म्हणून सोडून देतात आणि मग गोंधळ होतो. प्रेमाची सगळी यंत्रणा सालावर चालते. २००४ च्या आधीची गोष्ट असेल तर ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकलच नाही, तुमच्या ऐरोलीच्या मुलीला बस धरावी लागेल. २०११ च्या सप्टेंबरमध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेने, दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, नोव्हेंबरपासून ती २०० केली. त्या महिन्यांतल्या जोडप्याला रात्री अकरा वाजता मोजून शब्द वापरावे लागतील आणि शंभरावा मेसेज कुठला, हा एक अख्खा प्रसंग होईल. २०१६ च्या सप्टेंबरनंतर जिओ आलं, मग डेटा मोजायची गरज संपली आणि 'ऑनलाइन आहे पण उत्तर देत नाही' हे नवं दुःख आलं. २०२१ मध्ये तर महाराष्ट्रात बारावीची परीक्षाच झाली नाही. ज्या परीक्षेच्या नावाने दोन वर्षं भेटीगाठी बंद, ती परीक्षाच रद्द. त्या बॅचच्या मुलांवर अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.

कायद्याचंही तसंच. नेरूळच्या दोन मुलींच्या प्रेमाची एक कादंबरी सध्या माझ्या टेबलावर आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ च्या कक्षेतून सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलैंगिक संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने समलैंगिक विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे २०१७ मधल्या मुलीच्या पोटातली भीती, २०१९ मधल्या मुलीची उमेद आणि २०२३ च्या दिवाळीतली तिची निराशा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. निकालाचा दिवस पानावर आणायचाच तर टीव्हीवरच्या बातमीने आणू नका. त्या दिवशी घरात चॅनेल कोण बदलतं, ते लिहा.

किरणच्या कादंबरीत कायद्याचा असाच एक कागद येतो आणि तो फार चांगला वापरलाय. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१९ मध्ये झाला. त्यात ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायची तरतूद आहे, आणि मूल अठराच्या आतलं असेल तर अर्ज आईवडिलांनी किंवा पालकाने करायचा. किरण सतरा वर्षांचा. म्हणजे वडिलांची सही. तो छापलेला अर्ज कपाटात साड्यांच्या घडीखाली चार महिने पडून राहतो. सही झाली की नाही ते लेखिकेने सांगितलंच नाही. एवढंच दिसतं की शेवटच्या प्रकरणात तो साड्यांखालून निघून वडिलांच्या डब्याच्या पिशवीत आलाय.

वयाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठराच्या आतली व्यक्ती बालक ठरते आणि तिची संमती कायद्याला मान्य नसते. तुमची पात्रं सोळा-सतराची असतील तर शरीरसंबंधांची वर्णनं नकोत, अजिबात नकोत. कादंबरीचं त्याने काहीही अडत नाही. त्या वयातलं प्रेम नव्वद टक्के वाट पाहण्यात असतं. कोपराला कोपर लागतो आणि माणूस दोन दिवस जेवत नाही. तेवढं नीट लिहायलाच तीस पानं लागतात.

वाट कुठे पाहतात, याकडे मी नेहमी बघते. वन आरकेमध्ये चार माणसं राहतात त्या घरातल्या मुलाला स्वतःची खोली देऊन टाकलेली हस्तलिखितं मी पाहिली आहेत. त्याने दार लावून रडायचं कुठे? इथल्या मुलांना एकांत गर्दीतच मिळतो. तलावपाळीचा कट्टा, उपवन, वाशीचं मिनी सी शोर ही नावं सगळेच टाकतात. मला विचाराल तर खरी जागा अभ्यासिका. महिन्याची फी भरायची, खुर्चीवर वही ठेवून जागा अडवायची, बोलायची बंदी. किरण आणि त्याला आवडणारी अश्विनी तिथेच भेटतात. दोघं एका बाकावर, मधे फळीचं पार्टिशन, आणि त्या फळीला खालच्या बाजूला एक गाठ निघून पडलेलं भोक. अश्विनी त्या भोकातून खोडरबर पलीकडे ढकलते. खोडरबरावर पेनाने '४' लिहिलेलं असतं, म्हणजे चार वाजता चहा. पुढे नऊ-दहा पानं नुसतं ते खोडरबर इकडून तिकडे जातं, झिजत जातं, आकडे बारीक होत जातात. अजून मला ते खोडरबर डोळ्यांसमोर दिसतं, एका कोपऱ्याला निळं.

लोकलही सोडू नका. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावर पनवेल लागलेली असते, डबा रिकामा असतो, आणि दोघांतलं एक म्हणतं, "ही जाऊ दे, पुढची घेऊ." आमच्याकडे यापेक्षा मोठी कबुली नाही.

आणि दिवाळी पहाट. नरक चतुर्दशीला पहाटे राम मारुती रोड आणि तलावपाळी तरण्या मुलामुलींनी फुललेली असते. अंघोळ, उटणं, नवे कपडे आणि सगळं ठाणं रस्त्यावर. स्वीकाराची गोष्ट लिहिणाऱ्याला ही पहाट सोन्यासारखी आहे, कारण त्या दिवशी कोण काय नेसतं हे सगळे बघतात. किरणला आई परकर-पोलका नाहीतर साडी म्हणते. तो मामाच्या मुलाचा कुर्ता घालून मागच्या दाराने निघतो. कुर्ता मोठा, बाह्या बोटांवर येतात. गर्दीत अश्विनी त्याच्या बाह्या दुमडून देते, आधी डावी, मग उजवी, दोन्ही सारख्या झाल्यात का ते मागे सरकून बघते. आजूबाजूला ढोल वाजतोय, लोक धक्के देत जातायत. अश्विनीची आई चार पावलांवर उभी आहे आणि तिने हे पाहिलंय. पुढचं प्रकरण तिथून सुरू होतं.

भाषेबद्दल थोडंसं. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य सतरा वर्षांच्या तोंडी घालू नका, नाटकातलं वाटतं. मुलं 'आवडतेस मला' म्हणतात, किंवा घाबरून इंग्रजीत म्हणतात. त्याहीपेक्षा हाकेकडे लक्ष द्या. कॉलेजात एकमेकांना आडनावाने हाक मारायची पद्धत आहे: ए पाटील, ए शिंदे. ज्या दिवशी 'पाटील'ची 'सायली' होते, त्या दिवशी वर्गात मान वळते. तेवढ्यावर प्रकरण उभं राहतं. आजचे शब्द, क्रश, सीन, वाट लागली, हे येऊ द्या, मी ते कापत नाही. प्रमाणलेखनाचं मी बघते, तुम्ही कानाचं बघा. फक्त आजीच्या तोंडी नातवाची भाषा आणि नातवाच्या तोंडी संपादकीय, एवढं टाळा.

आनंदाला जागा द्या, ही माझी कळकळीची विनंती. वेगळ्या मुलाची गोष्ट म्हणजे पहिल्या पानापासून रडकी, असा एक समज झालाय. किरण आणि अश्विनी मामलेदारची मिसळ खातात, तिखटाने नाक गळतं आणि हसू थांबत नाही, त्या प्रकरणात काहीही 'घडत' नाही आणि तरीही पुढे घरात वादळ येतं तेव्हा वाचणारा त्या दोघांच्या बाजूने उभा राहतो तो त्या मिसळीमुळे.

आणि कृपा करून शेवटी त्या मुलाला मारू नका. दरवर्षी दोन-तीन हस्तलिखितांत नायक किंवा नायिका रेल्वे रुळांवर संपते. लिहिणाऱ्याला वाटतं याने परिणाम होईल. ते पुस्तक कुणाच्या हातात जाणार आहे याचा विचार करा. तेच वय, तोच प्रश्न, तीच रात्र असलेलं एखादं मूल पांघरुणात मोबाइलच्या उजेडात ते वाचत असणार. त्याला पुढचा दिवस दिसू द्या. सगळं गोड करायची गरज नाही. किरणचे वडील शेवटपर्यंत 'किरण गेली का?' असंच म्हणतात, आजी एकटीच बदलते, मोठी बहीण अर्धी बदलते, कधी 'ली' कधी 'ला'. घरं अशीच बदलतात, एकेक माणूस, एकेक क्रियापद.

लांबीचं फार मनावर घेऊ नका. चाळीस ते पन्नास हजार शब्द पुष्कळ झाले. डेमी आकाराच्या पानावर अडीचशे-तीनशे शब्द बसतात, त्यावरून हिशेब करा. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडे अर्ज करायचा. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

छापायच्या आधी त्याच वयाच्या दोघा-तिघांना वाचायला द्या, मोठ्यांना नंतर. 'कशी वाटली?' असं विचारू नका, मुलं भिडेखातर 'मस्त' म्हणतात. हातात पेन्सिल द्या आणि सांगा, जिथे थांबावंसं वाटलं तिथे टिंब कर, कंटाळा आला तिथे फुली मार. बाकी एक अक्षर लिहायचं नाही.

नेरूळच्या दोन मुलींची ती कादंबरी मी माझ्या भाचीला दिली. ती अकरावीला आहे, कोपरखैरण्याला. एकाहत्तराव्या पानावर एका मुलीची आई सकाळी डबा भरते, फडक्यात पोळ्या मोजते आणि म्हणते, "दोन तुझ्या, दोन तिच्या." त्यानंतर दीड पान त्या मुलीच्या मनातले विचार आहेत: आईला कळलं असेल का, कधी कळलं असेल, आता काय होईल. भाचीचं टिंब 'दोन तिच्या'च्या पुढे होतं, इतकं दाबून की कागद मागे उठलाय. पुढच्या दीड पानावर एक मोठी फुली. मी लेखिकेला पान दाखवलं. तिने ते दीड पान माझ्यासमोर काढलं आणि पोळ्यांभोवती फडक्याची गाठ मारायचं एक वाक्य तेवढं ठेवलं.